सोबत्याचं तिकीट कोण भरतं?

विस्तारा ही विमान कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या प्रवाशांनी साठवलेले पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबकडे गेले. त्याच सुमाराला इंडिगोनंही ब्लूचिप नावाची पॉइंट योजना आणली. त्यामुळे वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्या घरांतही हल्ली "आपले पॉइंट किती झाले?" हा विषय निघतो. त्यात मॉलच्या दाराशी क्रेडिट कार्ड विकणारा मुलगा सांगतो की, हे कार्ड घ्या, वहिनींचं तिकीट जवळजवळ फुकट. ऐकणाऱ्याला दोन शंका येतात. हा थापा मारतोय का, आणि मारत नसेल तर यात मेख कुठं आहे?

थापा नसतात. मेख मात्र असते, आणि ती समजायला आधी एसटीकडे बघू. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना एसटीचं तिकीट अर्ध्या दरात मिळतं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत. नाशिकहून धुळ्याला निघालेल्या आजी-आजोबांकडून कंडक्टर पैसे घेत नाही, पण ते भाडं हवेत विरत नाही. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं. बसणारा एक आणि भरणारा दुसरा. विमानातल्या "मोफत" सोबत्याबाबतही पहिला प्रश्न हाच विचारायचा: मग भरतंय कोण?

भरते बँक, आणि बँकेला भरतो आपण

सुरुवातीला यात बँक नव्हती. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ ला ॲडव्हांटेज ही योजना सुरू केली तेव्हा हिशोब सरळ होता. आमच्याच विमानानं पुन्हा पुन्हा जा, केलेल्या मैलांची नोंद ठेवू, पुरेसे मैल झाले की एक तिकीट देऊ. म्हणून अजूनही काही योजनांत पॉइंटना माइल्स म्हणतात. या लेखात दोन्हींना पॉइंटच म्हणू.

मग बँका आल्या. बँक विमान कंपनीकडून घाऊक भावानं पॉइंट विकत घेते आणि आपल्या कार्डधारकांना वाटते. त्यासाठी पैसा येतो तीन ठिकाणांहून: कार्ड घासलं की दुकानदाराकडून कापला जाणारा साधारण दीड-दोन टक्के, कार्डाची वार्षिक फी, आणि बिल वेळेवर न भरणाऱ्यांचं व्याज. हा धंदा किती मोठा आहे याचा अंदाज कोविडच्या काळात आला. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सनं आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. विमानं उडत नव्हती, पण पॉइंटांच्या वहीवर कर्ज मिळत होतं.

यूपीआयवर पॉइंट का मिळत नाहीत, तेही इथंच कळतं. बँक खात्यातून यूपीआयनं पैसे दिले की दुकानदाराकडून काहीच कापलं जात नाही. जानेवारी २०२० पासून तसा नियमच आहे. कुणी काही भरलंच नाही, तर वाटायचं काय? नाशिकच्या रविवार कारंज्यावर भाजी घेताना कोड स्कॅन करून तुमचा सोबती दिल्लीला जाणार नाही.

विमान कंपनीच्या बाजूनं एक गोष्ट लक्षात ठेवायची. उडालेल्या विमानातली रिकामी सीट पुन्हा विकता येत नाही. ती सीट तुमच्या सोबत्याला दिली तर कंपनीला फारसा खर्च येत नाही, शिवाय बँकेकडून पॉइंटचे पैसे आधीच मिळालेले असतात. म्हणून अशा सीटा बहुधा तिथंच सुटतात जिथं त्या रिकाम्या राहण्याची शक्यता असते. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी त्या नसतात. याला कुणी फसवणूक म्हणेल, पण योजना मुळात याच पायावर उभी आहे.

सोबत्याला नेण्याच्या तऱ्हा

इंटरनेटवर जे सल्ले फिरतात त्यातले बरेचसे अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे असतात आणि ते जसेच्या तसे उचलले की घोळ होतो. तिथली सर्वांत गाजलेली सोय म्हणजे साऊथवेस्ट एअरलाइन्सचा कंपॅनियन पास. एका कॅलेंडर वर्षात १,३५,००० पात्र पॉइंट किंवा १०० एकेरी उड्डाणं पूर्ण केली की त्या वर्षाचा उरलेला काळ आणि पुढचं पूर्ण वर्ष एक ठरावीक सोबती तुमच्याबरोबर फक्त कर भरून येऊ शकतो. तुमचं स्वतःचं तिकीट पैशांचं असो की पॉइंटचं, दोन्ही चालतं. हे खरोखर उदार आहे. पण साऊथवेस्ट भारतात येत नाही, त्यामुळे मुलगी-जावई अमेरिकेत असतील तर ही माहिती त्यांना कळवा. आपल्याला तिचा उपयोग नाही.

ब्रिटिश एअरवेजच्या ब्रिटनमधल्या कार्डावर मिळणारं व्हाउचर वेगळ्या जातीचं. तिथं पहिलंच तिकीट पॉइंटवर काढावं लागतं, मग सोबत्यासाठी वेगळे पॉइंट लागत नाहीत. कर आणि अधिभार मात्र दोघांचे भरायचे. लंडनहून परतताना ब्रिटन सरकार जो प्रवासी कर घेतं तो एकटाच माणशी शंभर पौंडांच्या आसपास जातो आणि इकॉनॉमीच्या पुढच्या वर्गात त्याच्या दुपटीहून जास्त. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो माफ आहे. त्यामुळे या व्हाउचरवर बायकोऐवजी मुलाला न्या, असं म्हणायचा मोह होतो, पण घरात हा विनोद जपून करावा.

आपल्याकडे रुळलेला मार्ग साधा आहे: माझ्या खात्यातल्या पॉइंटवर तुझं तिकीट. तिकीट स्वतःच्याच नावानं काढलं पाहिजे अशी सक्ती बहुतेक योजनांत नसते. काही योजना मात्र कुंपण घालतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये आधी पाच जणांची यादी द्यावी लागते आणि त्यांच्याचसाठी तिकीट काढता येतं. एमिरेट्ससारख्या काही कंपन्यांत घरातल्यांचे पॉइंट एका सामायिक खात्यात जमवता येतात. चार जणांच्या चार खात्यांत थोडे थोडे पॉइंट पडून राहण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आणखी एक सोय लोक विसरतात. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या जागतिक गटात आहे. लुफ्थान्सा, सिंगापूर, टर्किश, थाई या कंपन्यांनी केलेल्या प्रवासाचे पॉइंटही महाराजा क्लबच्या खात्यात घेता येतात. या गटात वारंवार प्रवास करून ज्यानं गोल्ड दर्जा मिळवलाय तो त्याच विमानानं जाणाऱ्या एका पाहुण्याला विमानतळावरच्या लाउंजमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेल्या बैठकीत, सोबत नेऊ शकतो. तिकिटात बचत नाही, पण फ्रँकफर्टला पाच तास काढायचे असतील तर दोघांच्या जेवणाचे युरो वाचतात.

एका पॉइंटचे किती पैसे?

सगळा कस इथं लागतो. रीत अशी: त्या दिवशी तेच तिकीट रोखीनं कितीला मिळतंय ते बघा. त्यातून पॉइंटवर काढताना भरावी लागणारी कराची रक्कम वजा करा. उरलेल्या आकड्याला लागणाऱ्या पॉइंटनी भागा.

समजा मुंबई-दिल्लीचं तिकीट ६,४०० रुपयांना आहे. पॉइंटवर तेच ८,००० पॉइंट आणि ९०० रुपयांत मिळतंय. ६,४०० वजा ९०० म्हणजे ५,५००. भागिले ८,०००. एका पॉइंटचे ६९ पैसे आले. आता सणाच्या आठवड्यात तेच तिकीट १४,९०० ला गेलं आणि पॉइंट ८,०००च राहिले, तर एका पॉइंटचे पावणेदोन रुपये होतात. सोबत्याला पॉइंटवर न्यायचं ते अशा वेळी. स्वस्ताईच्या दिवसांत दोघांचीही तिकिटं रोखीनं काढावीत आणि पॉइंट जपावेत.

पण पॉइंट ८,०००च राहतील का? इथं योजनांचे दोन गट पडतात. काहींत ठरलेला तक्ता असतो, अंतर आणि वर्ग यांवरून पॉइंट ठरतात. काहींत तिकीट महागलं की पॉइंटही वाढतात. दुसऱ्या गटात सणाच्या दिवशी त्याच सीटला २०,००० पॉइंट मागितले तर भाव पुन्हा सत्तर पैशांवर येतो आणि सगळी हुशारी संपते. आपली योजना कोणत्या गटातली, हे कळायला एकच मार्ग: एका साध्या दिवसाचं आणि एका गर्दीच्या दिवसाचं तिकीट शोधून बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कार्ड विकणाऱ्याच्या माहितीपेक्षा भरवशाचं.

हिशोबात एक बारकावा राहतो. रोखीच्या तिकिटावर नवे पॉइंट जमा होतात, पॉइंटवरच्या तिकिटावर सहसा होत नाहीत. म्हणून रोखीचं तिकीट अशा माणसाच्या नावावर घ्यावं ज्याला ते पॉइंट किंवा दर्जा उपयोगी आहे, आणि पॉइंटचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर. घरात सतत फिरणारा एक आणि क्वचित फिरणारा एक असेल तर उलटं करणं म्हणजे नुकसान.

आता कार्डाच्या जाहिरातीतली मेख. "एकावर एक" प्रकारच्या सवलतींत पहिलं तिकीट बरेचदा महागड्या भाडेगटातलं घ्यावं लागतं. समजा ते १८,००० ला आलं आणि सोबत्याचे कर २,०००. झाले २०,०००. त्याच विमानात सर्वांत स्वस्त तिकीट ९,५०० ला असेल तर दोघांचे १९,००० होतात. फुकटाची सीट हजार रुपयांनी महाग पडली. दुसऱ्या सीटची किंमत कधीही एकटी बघू नये. दोन्ही सीटांची बेरीज बघावी.

पॉइंटवर काढलं तरी पैसे का भरायचे?

कारण तिकिटाच्या रकमेत सगळाच वाटा विमान कंपनीचा नसतो. मूळ भाडं आणि इंधन अधिभार तिचा. विमानतळाचं वापरकर्ता शुल्क, सुरक्षा शुल्क आणि जीएसटी हे ती गोळा करून पुढे देते. पॉइंट फक्त तिच्या वाट्याला लागू पडतात, आणि काही कंपन्या तर इंधन अधिभारही वेगळा मागतात. जीएसटी इकॉनॉमीला ५ टक्के आहे. बिझनेससारख्या वरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून १८ टक्के झाला. रोखीचं बिझनेसचं तिकीट त्यामुळे आणखी जड झालं आणि मोठ्या प्रवासात पॉइंट वरच्या वर्गासाठी राखून ठेवण्याचा विचार थोडा जास्त पटण्यासारखा झाला.

ओझरवरून की मुंबईहून?

नाशिककरांसाठी हिशोबात ही एक जास्तीची ओळ आहे. ओझरच्या विमानतळावरून थोड्याच शहरांना थेट विमानं आहेत, आणि बहुतांश इंडिगोची. म्हणजे ओझरवरून नियमित जाणाऱ्याच्या खात्यात ब्लूचिप साठणार आणि एअर इंडियाचे पॉइंट त्याला मुंबई गाठल्याशिवाय फारसे वापरता येणार नाहीत. मुंबईहून पर्याय कितीतरी जास्त, सीट सुटण्याची शक्यताही जास्त. पण मुंबई इथून साधारण १७० किलोमीटर.

इथं सोबती उलट फायद्याचा ठरतो. टॅक्सी एकासाठी केली काय आणि दोघांसाठी केली काय, भाडं तेच. एकट्यानं जाताना मुंबईचा फेरा तिकिटातली बचत खाऊन टाकतो. दोघं असले की तो खर्च विभागला जातो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटात अडकून विमान चुकण्याची धास्तीही पुष्कळ कमी झाली आहे, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक आहे तिथंच आहे. टोल हिशोबात धरा.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. शोधताना "मुंबई" टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं समोर येऊ शकतात. जाताना एका विमानतळावर गाडी लावली आणि परतीचं विमान दुसरीकडे उतरलं, असं व्हायला नको. रोखीच्या आणि पॉइंटच्या तिकिटांवर विमानतळ एकच आहे ना, हे तर दोनदा बघावं.

कंपनीच्या खर्चानं उडणारे

नाशिकच्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले कितीतरी इंजिनिअर मशीन बसवायला, ऑडिटला, ग्राहकाकडे सतत विमानानं जातात. द्राक्षांच्या हंगामात निर्यातदारांची युरोपची ये-जा असते. तिकिटाचे पैसे कंपनी भरते, पण पॉइंट प्रवास करणाऱ्याच्या नावावर पडतात, कारण विमान कंपनीच्या योजनांत खातं माणसाचं असतं. अनेकांना हे माहीत नसतं किंवा ते सदस्य क्रमांक द्यायचंच विसरतात. बोर्डिंग पास जपून ठेवला असेल तर झालेल्या प्रवासाचे पॉइंटही काही महिन्यांपर्यंत मागता येतात.

माझ्या मते सोबत्याला स्वस्तात नेण्याचा सर्वांत सरळ मार्ग हाच आहे. कामासाठी चेन्नईला जायचंच आहे, शुक्रवारी काम संपतंय, तिकीट कंपनीचं आहे. तुमच्या पॉइंटवर आईचं तिकीट काढा, शनिवार-रविवारी कांचीपुरम करून या. हॉटेलच्या खोलीत दुसरी व्यक्ती राहिली तर चालतं का आणि परतीची तारीख पुढे ढकलली तर चालते का, एवढं मात्र ऑफिसात आधी विचारा. काही कंपन्यांचे याबद्दल लेखी नियम असतात आणि दोन दिवसांसाठी एचआरशी वाद नको.

"पण पॉइंट तर फुकटच आहेत ना?"

फुकट असतात, जर खर्च तुम्ही तसाही करणार होता आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरता. एकदा बाकी ठेवली की कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. असं व्याज भरून मिळवलेला पॉइंट जगातला सर्वांत महाग पॉइंट आहे. वार्षिक फीवरही तोच १८ टक्के कर लागतो. पाच हजारांची फी म्हणजे ५,९०० रुपये. वर्षाकाठी सोबत्याच्या तिकिटात तेवढेही वाचत नसतील तर ते कार्ड बँकेच्या सोयीचं आहे.

भाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, पेट्रोल, विमा अशा खर्चांवर अनेक कार्डं पॉइंट देतच नाहीत किंवा कमी देतात. घराचं भाडं कार्डानं भरून पॉइंट साठवण्याची युक्ती म्हणूनच आता फारशी चालत नाही.

"सीट मिळतच नाही"

ही तक्रार सर्वांत खरी. दोघांसाठी तर जास्तच, कारण पॉइंटवर अनेकदा एकच सीट सुटलेली असते. पण इथं दोघांनाही पॉइंटची सीट लागत नाही. एक सीट रोखीनं, एक पॉइंटवर घेतली की एकच सीट पुरते. आधी पॉइंटची सीट पक्की करा आणि लगेच त्याच विमानाचं रोखीचं तिकीट काढा. उलट क्रमानं गेलात तर रोखीचं तिकीट हातात आणि सोबती घरी.

बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे असतील तर सीट दिसल्याशिवाय वळवू नका. एकदा गेलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत. काही वेळा ते पोचायलाही दिवस लागतात आणि तोवर सीट गेलेली असते.

"आणि कंपनीच बुडाली तर?"

किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झालं. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्यामुळे ती इंटरमाइल्स या नावानं तगली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी पॉइंट साठवले होते ती विमानंच उरली नाहीत. कंपनी धडधाकट असली तरी ती एका रात्रीत तक्ता बदलून ८,०००च्या जागी १२,००० पॉइंट मागू शकते. पॉइंटवर व्याज मिळत नाही, मुदत मात्र असते. मुलीच्या लग्नासाठी सोनं साठवतात तसे पॉइंट साठवण्यात काही राम नाही.

पॉइंट किंवा पॉइंटवरची तिकिटं विकणारे एजंट समाजमाध्यमांवर भेटतात. जवळजवळ सर्व योजनांत ही विक्री नियमाविरुद्ध आहे. पकडलं गेलं की खातं बंद होतं आणि तिकीट रद्द, तेही कदाचित चेक-इनच्या काउंटरवर.

दोन तिकिटं, दोन पीएनआर

एक तिकीट रोखीचं आणि एक पॉइंटचं असलं की त्यांचे आरक्षण क्रमांक, म्हणजे पीएनआर, वेगळे असतात. संगणकाच्या लेखी तुम्ही दोघं अनोळखी. उड्डाण रद्द झालं तर एकाला सकाळचं आणि दुसऱ्याला संध्याकाळचं विमान मिळू शकतं. म्हणून ग्राहक सेवेला फोन करून दोन्ही पीएनआरवर परस्परांची नोंद करून घ्यावी. वयस्कर आई-वडील एकटे पडतील अशी शक्यता असेल तर दोघांचं एकाच पद्धतीनं काढलेलं बरं, थोडं महाग पडलं तरी.

रद्द करायची वेळ आली तर पॉइंट सहसा काही रक्कम कापून परत येतात, पण न कळवता गेलाच नाहीत तर बहुधा बुडतात. पैशांच्या बाबतीत एक नियम फार कमी लोक वापरतात. तिकीट रद्द केलं किंवा प्रवास केलाच नाही, तर विमानतळ शुल्क आणि सरकारी कर कंपनीनं परत केले पाहिजेत, तिकीट "विनापरतावा" असलं तरी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. पॉइंटवरच्या तिकिटात तुम्ही रोख भरलेली रक्कम बहुतेक याच शुल्कांची असते. ती आपोआप खात्यात आली नाही तर पीएनआर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर परताव्याचा अर्ज करा. कंपनीनं दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.